स्पीकरच्या पेटीमागचे अध्यापक

२०११ साली अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी, म्हणजेच एम.आय.टी., या विख्यात संस्थेने एक देणगी जाहीर केली. देणगी देणारे गृहस्थ त्याच संस्थेचे निवृत्त प्राध्यापक होते. स्वतः उभ्या केलेल्या कंपनीचे बहुसंख्य समभाग त्यांनी संस्थेच्या स्वाधीन केले होते. त्या समभागांवर दरवर्षी मिळणारा लाभांश शिक्षण आणि संशोधन यांसाठी खर्च व्हावा, अशी त्यांची इच्छा होती. समभागांना मताधिकार नव्हता, संस्थेला ते विकता येणार नव्हते आणि कंपनीच्या कारभारात तिने लक्ष घालायचे नव्हते, अशा अटीही सोबत होत्या.

कंपनीचे नाव बोस कॉर्पोरेशन आणि दात्याचे नाव डॉ. अमर गोपाल बोस. संगीताची आवड असलेल्या अनेक घरांत हे नाव स्पीकरच्या पेटीवर किंवा कानाला लावायच्या हेडफोनवर दिसते. पेटीवरचे नाव वाचणाऱ्यांपैकी थोड्यांनाच ठाऊक असते की, हे गृहस्थ १९५६ पासून २००१ पर्यंत, सुमारे पंचेचाळीस वर्षे, विद्युत अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांना शिकवत होते. कंपनी त्यांनी नंतर काढली. अध्यापन आधी सुरू झाले होते आणि कंपनीची भरभराट झाल्यावरही ते थांबले नाही.

उद्योजकाची संपत्ती पुढच्या पिढीकडे जावी, हा जगाचा रिवाज आहे आणि त्यात गैर काही नाही. डॉ. बोस यांनाही मुलगा होता, मुलगी होती. तरीही आयुष्यभराच्या मिळकतीचा मोठा भाग त्यांनी एका विद्यालयाकडे का वळवला, याचे उत्तर त्यांनी शिकवलेल्या अभ्यासक्रमांत आणि त्या अभ्यासक्रमांमागे असलेल्या जीवनदृष्टीत सापडते.

वडिलांचा वारसा

अमर बोस यांचा जन्म २ नोव्हेंबर १९२९ रोजी अमेरिकेतील फिलाडेल्फिया शहरात झाला. वडील नोनी गोपाल बोस हे बंगालचे. कलकत्ता विद्यापीठात भौतिकशास्त्राचे शिक्षण घेतलेला हा तरुण ब्रिटिश सत्तेविरुद्धच्या चळवळीत पडला, त्याला कारावास घडला आणि १९२० साली तो निसटून अमेरिकेत पोहोचला. आई शार्लट अमेरिकन होती, पेशाने शिक्षिका. ती शाकाहारी होती आणि भारतीय तत्त्वज्ञानाची तिला ओढ होती. आपली आई आपल्यापेक्षाही अधिक बंगाली होती, असे डॉ. बोस पुढे कौतुकाने सांगत.

त्या काळातील अमेरिकेत सावळ्या वर्णाच्या कुटुंबाला उपाहारगृहात जाऊन बसता येत असे, पण समोर अन्न येत नसे. लहानपणीची ही आठवण डॉ. बोस यांनी मोठेपणी सांगितली आहे. बराच वेळ वाट पाहिल्यावर वडील व्यवस्थापकाला बोलावीत, शांतपणे कारण विचारीत आणि इतर गिऱ्हाइकांच्या कानी जाईल अशा स्पष्ट शब्दांत त्या वागणुकीतील अन्याय मांडीत. मग सारे कुटुंब उठून बाहेर पडे. मुलाने त्या टेबलाशी बसून दोन गोष्टी पाहिल्या. अपमान निमूटपणे गिळायचा नाही आणि उत्तर देताना तोल सोडायचा नाही.

दुसऱ्या महायुद्धात सागरी वाहतूक खंडित झाली आणि वडिलांचा भारतातून माल आणण्याचा व्यवसाय बसला. अमर तेव्हा तेरा वर्षांचा होता. खेळण्यातल्या आगगाड्या आणि रेडिओ दुरुस्त करण्याचा त्याला नाद होता. शाळासोबत्यांना हाताशी धरून त्याने दुरुस्तीचा छोटा धंदा सुरू केला आणि त्या मिळकतीचा घराला हातभार लागला. विद्युत-मंडलाचा पहिला धडा त्याला असा मिळाला. बिघडलेला रेडिओ समोर ठेवायचा आणि दोष नेमका कोठे आहे, हे तर्काने शोधायचे.

आकडे आणि कान

पुढे अमर बोस एम.आय.टी.त विद्युत अभियांत्रिकी शिकले. डॉक्टरेटसाठी त्यांना दोन थोर मार्गदर्शक लाभले. एक गणितज्ञ नॉर्बर्ट वीनर आणि दुसरे त्यांचे सहकारी युक-विंग ली. १९५६ साली प्रबंध पूर्ण होत असताना बोस यांनी स्वतःला बक्षीस म्हणून संगीत ऐकण्याची एक उत्तम यंत्रणा विकत घेतली. अभियंत्याने घ्यावी तशीच ती घेतली होती. छापील माहितीपत्रकातील तांत्रिक आकडे बारकाईने वाचून आणि त्यांची तुलना करून.

यंत्रणा घरी आणून लावली आणि त्यांची निराशा झाली. लहानपणी काही वर्षे व्हायोलिन शिकलेल्या त्यांच्या कानाला तो आवाज खरा वाटेना. आकडे उत्तम म्हणत होते, कान नाही म्हणत होता.

अशा वेळी बहुतेक माणसे दोहोंपैकी एक मार्ग धरतात. कोणी कानावर अविश्वास दाखवून आकड्यांची बाजू घेतो, तर कोणी वस्तू परत करून दुसरी आणतो. बोस यांनी तिसरा मार्ग धरला. दोन्ही साक्षीदार प्रामाणिक असूनही त्यांची साक्ष जुळत नसेल, तर प्रश्नच चुकीचा विचारला जात असावा, असे त्यांना वाटले. म्हणजे जे मोजले जात होते, ते ऐकण्याच्या दृष्टीने महत्त्वाचे नसावे; आणि जे महत्त्वाचे होते, ते कोणी मोजत नसावे. ध्वनीचे भौतिक गुण आणि माणसाला प्रत्यक्ष येणारा श्रवणाचा अनुभव यांच्यातील नाते शोधणाऱ्या शास्त्राकडे ते या वाटेने वळले.

यातून एक साधी पण दुर्लक्षित गोष्ट समोर आली. मैफलीच्या सभागृहात वादकाकडून थेट श्रोत्याच्या कानी येणारा ध्वनी एकूण ध्वनीचा लहानसा भाग असतो. मोठा भाग भिंतींवर, छतावर आपटून, वेगवेगळ्या दिशांनी, किंचित उशिरा येतो. देवळाच्या घुमटाखाली म्हटलेले भजन आणि उघड्या माळावर म्हटलेले तेच भजन यांत जो फरक जाणवतो, त्याचे कारण हेच. त्या वेळचे स्पीकर मात्र सारा ध्वनी समोरच्या दिशेने श्रोत्यावर फेकत होते.

सहा-शून्य-एक

त्याच १९५६ साली बोस अध्यापक झाले. भारतात एक वर्ष संशोधनासाठी घालवून ते परतले आणि वर्गावर उभे राहिले. एम.आय.टी.त विषय नावापेक्षा क्रमांकाने ओळखले जातात. विद्युत अभियांत्रिकीचा विभाग सहावा, म्हणून त्याचे सर्व अभ्यासक्रम सहा या आकड्याने सुरू होतात. डॉ. बोस अनेक वर्षे जो पायाभूत विषय शिकवत, त्याचा क्रमांक होता ६.०१ आणि विषय होता विद्युत-जालांचा सिद्धान्त. याच विषयावर केनेथ स्टीव्हन्स यांच्यासह त्यांनी लिहिलेले पाठ्यपुस्तक १९६५ साली प्रसिद्ध झाले.

विषय वरवर रुक्ष आहे. रोध, कपॅसिटर आणि तारेची वेटोळी एकमेकांना जोडली की विद्युत-जाल तयार होते. त्यातील कोणत्या तारेतून किती धारा वाहील, हे काढण्यासाठी गुस्ताव किर्कहॉफ यांनी १८४५ साली मांडलेले दोन नियम पुरतात. सांध्यात जेवढी धारा येते, तेवढीच बाहेर पडते, हा पहिला नियम. कोणताही बंद वळसा पूर्ण केला की विद्युतदाबाच्या चढउतारांची बेरीज शून्य येते, हा दुसरा. व्यापाऱ्याच्या वहीत जमा आणि नावे यांचा मेळ बसावा, तसाच हा हिशेब आहे. समीकरणे मांडली आणि सोडवली की उत्तर हाती येते.

अडचण नेमकी इथेच असते. उत्तर हमखास येते, म्हणून विद्यार्थी यंत्रासारखा गणिते सोडवू लागतो आणि विचार करण्याचे थांबतो. चांगला कारकून जसा हिशेब तपासतो, पण धंदा कशावर चालला आहे हे त्याला कळतेच असे नाही, तशी अशा विद्यार्थ्याची गत होते. पायाभूत विषय शिकवणाऱ्या अध्यापकाचा कस इथे लागतो. डॉ. बोस यांच्याविषयी त्यांचे सहकारी प्राध्यापक पॉल पेनफिल्ड यांनी एक मार्मिक निरीक्षण नोंदवले आहे. सर्जनशील माणसे पुष्कळ असतात. परंतु आपल्या मनात विचार कसा घडला, हे स्वतः पाहून ते दुसऱ्याला उलगडून दाखवणारी फार थोडी असतात. बोस यांच्यापाशी ती शक्ती होती आणि मुळात शिकवणे म्हणजे तेच, असा त्या निरीक्षणाचा आशय आहे.

१९६३-६४ या वर्षी एम.आय.टी.ने त्यांना अध्यापनासाठीचा बेकर पुरस्कार दिला. त्या वेळी बोस कॉर्पोरेशन अजून जन्माला यायची होती.

घागर, बाटली आणि विद्युत-मंडल

त्यांचा दुसरा अभ्यासक्रम ६.३१२, विषय ध्वनिशास्त्र. ध्वनी हा खरे तर भौतिकशास्त्राचा प्रांत. तो विद्युत अभियांत्रिकीच्या विभागात कसा आला, असा प्रश्न पडणे साहजिक आहे. त्याचे उत्तर हीच या विषयातील सर्वांत सुंदर गोष्ट आहे.

नळाखाली घागर भरत असताना तिचा आवाज चढत जातो आणि स्वयंपाकघरात पाठमोरी उभी असलेली गृहिणीही घागर भरत आल्याचे ओळखते. रिकाम्या बाटलीच्या तोंडावरून आडवी फुंकर घातली की एक घुमणारा सूर निघतो. बाटलीत थोडे पाणी ओतून पुन्हा फुंकर घातली की सूर उंचावतो. बाटलीच्या गळ्यातील हवा ही एखाद्या छोट्या वजनासारखी वागते आणि पोटातील हवा स्प्रिंगसारखी. वजन खाली दाबले की स्प्रिंग त्याला वर ढकलते, वर गेले की खाली खेचते. हे आंदोलन म्हणजेच तो सूर. पाणी ओतल्याने पोटातील हवा कमी होते, स्प्रिंग अधिक ताठ बनते आणि आंदोलने जलद होतात.

आता विद्युत-मंडलाकडे पाहावे. तारेचे वेटोळे धारेतील बदलाला विरोध करते. जड वस्तू वेगातील बदलाला विरोध करते, अगदी तसाच. कपॅसिटर विद्युतभार साठवून परत देतो. स्प्रिंगही दाब साठवून परत देते. रोधात ऊर्जा उष्णतेच्या रूपाने खर्च होते. घर्षणातही तेच घडते. तिन्ही ठिकाणची समीकरणे एकच आहेत, केवळ अक्षरे निराळी. म्हणून बाटलीतील हवेचे आंदोलन कागदावर विद्युत-मंडलाच्या रूपात काढता येते. स्पीकरमध्ये तर विद्युतधारा, हलणारा पडदा आणि पेटीतील हवा ही तिन्ही जगे एकत्र येतात आणि त्या सर्वांचे मिळून एकच मंडल कागदावर मांडता येते. किर्कहॉफचे नियम शिकलेला विद्यार्थी त्याच नियमांनी हवेचाही हिशेब मांडू शकतो.

एका विषयात कमावलेली समज दुसऱ्या विषयात अशी उपयोगी पडते, हे ज्याने एकदा अनुभवले, त्याला ज्ञानाचे कप्पे वेगवेगळे वाटत नाहीत. डॉ. बोस यांनी १९९५ साली घेतलेल्या या अभ्यासक्रमाच्या व्याख्यानांच्या चित्रफिती एम.आय.टी.ने सर्वांसाठी विनामूल्य खुल्या केल्या आहेत. समीकरणांबरोबरच संशोधनातील आणि आयुष्यातील अनुभवही ते वर्गात सांगत. इंग्रजी समजणाऱ्या कोणाही विद्यार्थ्याला, तो कोणत्याही गावात असो, आज त्यांच्या वर्गात बसता येते.

अपयश आणि चिकाटी

१९६४ साली गुरू ली यांच्या आग्रहावरून बोस यांनी कंपनी स्थापन केली. लींनी स्वतःची बचत तिच्यात घातली होती. गुरूने शिष्यावर टाकलेला हा विश्वास केवळ शब्दांचा नव्हता. १९६६ साली बाजारात आलेला पहिला स्पीकर बावीस छोट्या स्पीकरांचा मिळून बनलेला, खोलीच्या कोपऱ्यात ठेवायचा होता. तो विकला गेला नाही. दोन वर्षांनी, १९६८ साली, दुसरा आला. त्यात एक स्पीकर समोर आणि आठ मागच्या बाजूला, भिंतीकडे तोंड करून बसवलेले होते. सभागृहातील परावर्तित ध्वनीचा जो धडा संशोधनातून मिळाला होता, तोच त्या लाकडी पेटीत उतरला होता. या स्पीकरने कंपनीला नाव मिळवून दिले.

१९७८ साली युरोपातून बोस्टनला परतताना विमानात मिळालेल्या हेडफोनमधून त्यांना संगीतापेक्षा इंजिनाची घरघरच अधिक ऐकू आली. त्याच प्रवासात त्यांनी कागदावर गणित मांडायला सुरुवात केली. बाहेरचा गोंगाट टिपून त्याच्या नेमकी उलट लहर कानाशी निर्माण केली, तर दोन्ही लहरी एकमेकींना मिटवतील, ही कल्पना. कल्पना एका प्रवासात सुचली, पण वैमानिकांच्या उपयोगाचे हेडफोन बाजारात येण्यास १९८९ साल उजाडले. मध्ये अकरा वर्षे गेली.

भांडवली बाजारातील भागधारकांच्या दबावाखाली अकरा वर्षे उत्पन्न न देणारे संशोधन चालवणे कठीण असते. म्हणून डॉ. बोस यांनी आपली कंपनी कधीही सार्वजनिक केली नाही. केवळ नफा पाहणाऱ्या व्यवस्थापकांच्या कंपनीत आपण नोकरीला असतो, तर शेकडो वेळा काढून टाकले गेलो असतो, असे ते म्हणत. पैसा हे उद्दिष्ट नसून, पूर्वी कोणी न केलेले काम करता यावे यासाठी धंदा आहे, अशी त्यांची धारणा होती.

शिष्यपरंपरा

अध्यापकाच्या कामाचे मोजमाप पेटीवरील नावाने होत नाही. त्याचे फळ विद्यार्थ्यांत दिसते आणि तेही उशिरा. डॉ. बोस यांच्या मार्गदर्शनाखाली १९६४ साली अॅलन ओपनहाइम यांनी डॉक्टरेट मिळवली. ओपनहाइम पुढे एम.आय.टी.तच प्राध्यापक झाले आणि 'सिग्नल्स अँड सिस्टिम्स' या विषयावरील त्यांचे पाठ्यपुस्तक जगभर अभ्यासले गेले. महाराष्ट्रातील अभियांत्रिकी महाविद्यालयांतून इलेक्ट्रॉनिक्स शिकलेल्या असंख्य विद्यार्थ्यांनी परीक्षेच्या आदल्या रात्री 'ओपनहाइम' उघडलेले असते. वीनर आणि ली यांच्याकडून बोस यांच्याकडे, बोस यांच्याकडून ओपनहाइम यांच्याकडे आणि तेथून पुणे-सांगलीच्या वसतिगृहांतील टेबलांवर आलेली ही विद्येची परंपरा त्या विद्यार्थ्यांना माहीत नसते, एवढेच.

मुलगा वनू बोस हेही विद्युत अभियंता झाले. १२ जुलै २०१३ रोजी, वयाच्या त्र्याऐंशीव्या वर्षी, डॉ. बोस यांचे निधन झाले. तेव्हा वनू यांनी वडिलांचे वर्णन करताना संशोधक आणि उद्योजक या बिरुदांच्या आधी शिक्षक हा शब्द ठेवला. सहा-शून्य-एक या विषयाने आयुष्य बदलले, असे सांगणारी इतकी माणसे भेटली की त्यांची मोजदाद अशक्य आहे, असे त्यांनी सांगितले. कोट्यवधींची उलाढाल असलेल्या कंपनीच्या संस्थापकाचे स्मरण मुलाने एका पायाभूत अभ्यासक्रमाच्या क्रमांकाने करावे, यात सारे आले.

दानाचा अर्थ

आता त्या देणगीकडे पुन्हा वळल्यास तिच्या अटींचा अर्थ उलगडतो. समभाग विकता येत नाहीत, म्हणून मूळ ठेव कोणा एका वर्षाच्या गरजेत संपून जात नाही. कारभारात हात घालता येत नाही, म्हणून कंपनीला दूरचे संशोधन निर्धास्तपणे करता येते. आणि कंपनीने चांगले काम केले, तर त्याचा लाभ वर्गातील विद्यार्थ्याला होतो. एका बाजूला प्रयोगशाळा, दुसऱ्या बाजूला वर्ग आणि दोहोंना जोडणारी न तुटणारी तार, असे हे मंडल त्यांनी आपल्या हयातीतच पूर्ण केले. त्यापूर्वी १९८९ पासूनच एम.आय.टी.च्या अभियांत्रिकी शाखेत उत्तम अध्यापनासाठी बोस यांच्या नावाचा पुरस्कार दिला जाऊ लागला होता. तो शोधासाठी नाही, शिकवण्यासाठी आहे.

बारावीचा निकाल लागला की घरोघरी चर्चा सुरू होते. कोणती शाखा, कोणते महाविद्यालय, शुल्क किती, शिक्षण संपल्यावर पगार किती. हे प्रश्न व्यवहाराचे आहेत आणि पालकांनी ते विचारलेच पाहिजेत. परंतु एक प्रश्न यादीत बहुधा नसतो. तेथे पहिल्या वर्षाचा पायाभूत विषय कोण शिकवते आणि कसे शिकवते? माहितीपत्रकात इमारतींची छायाचित्रे असतात, नोकऱ्यांचे आकडे असतात. या प्रश्नाचे उत्तर नसते. ते तेथे शिकणाऱ्या एखाद्या मुलाला वा मुलीला गाठून विचारावे लागते.

१९५६ साली एका तरुण अभियंत्याने माहितीपत्रकातील आकड्यांवर विसंबून एक यंत्रणा घेतली होती आणि घरी आणल्यावर कानाने निराळी साक्ष दिली होती. महाविद्यालय निवडतानाही आकड्यांबरोबर अशा एखाद्या कानाची साक्ष घ्यावी. सहा-शून्य-एकच्या वर्गातून बाहेर पडलेल्यांनी ती आयुष्यभर दिली.